मामांची सही

सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी वेलफेअर ऑफिसर आहे. मोठ्या कारखान्यात कायद्याने हे पद ठेवावंच लागतं. माझे बरेचसे दिवस कॅन्टीनच्या तक्रारी आणि पीएफच्या फॉर्ममध्ये जातात. पण हा दिवस वेगळा होता.

प्रेस शॉपचे आमचे एक ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, नाव लिहीत नाही. फर्स्ट शिफ्टला रजिस्टरवर सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं, तरी पेन कागदावर नाचत होतं. सुपरवायझर म्हणाला पिऊन आलेत. मामा खाली बघत म्हणाले, "ताई, कालपासून घेतलीच नाही, म्हणून तर थरथरतंय." मला हे माहीत नव्हतं, खरंच. डॉक्टरांनी सांगितलं की रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, पहिल्या दोन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून अॅडमिटच केलं, व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं वगैरे झाली आणि सहाव्या दिवशी मामा घरी आले.

पण आमची मामी काही निर्धास्त नव्हती. चहातून पुड्या देऊन झालेल्या, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत माळ घालून झालेली, ती तीन महिने टिकली. डॉक्टर म्हणाले शरीरातली दारू आम्ही काढली, आता एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मिटिंगला पाठवा, नेऊन सोडा, एकटे जाणार नाहीत.

म्हणून एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी माझ्या अॅक्टिव्हावर मामांना मागे बसवून निघाले. पत्ता माझ्याकडे होता, कुणीतरी पाठवलेला व्हॉट्सअॅपवरचा फोटो, शालीमारजवळची एक शाळा. तिथे गेलो तर गेटला कुलूप, वॉचमन म्हणाला ते लोक आता इथे नाही बसत, दोन वर्षं झाली. आधी फोन करून खात्री करायला हवी होती, ती मी केली नाही, चूक माझीच. मामा म्हणाले, "जाऊ द्या ताई, नशिबात नसेल." आणि त्यांची नजर रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या बोर्डावर गेली. मी ती बघितली. पोटात गोळाच आला, कारण आत्ता परत फिरलो तर हा माणूस पुन्हा कधी यायला तयार होईल काय माहीत.

तिथेच उभं राहून एएच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला, लावला. एका माणसाने उचलला, नाव-गाव काही विचारलं नाही, एवढंच की आज घेतलीये का आणि उभे कुठे आहात. मग म्हणाला, त्यांना फोन द्या. काय बोलला माहीत नाही, मामा नुसते "हो... हो... पंचवीस वर्षं" म्हणत होते. पंधरा-वीस मिनिटांत तो स्वतः स्कूटरवर हजर, मामांना मागे बसवलं, मी मागून, होळकर पुलावरून पंचवटीत.

नंतर वाचलं की एए सुरूच एका फोनमुळे झालं. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता, बारमधून आवाज येतोय, प्यायची तलफ आलेली, तेव्हा तो बारमध्ये न जाता फोनकडे गेला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधत राहिला. सापडला तो निघाला सर्जन, डॉक्टर बॉब. वाचताना मला शालीमारचं ते गेटच दिसत होतं.

मिटिंग एका शाळेच्या वर्गात होती. पण ती क्लोज्ड, म्हणजे ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यापुरतीच, त्यामुळे मला आत जाता येईना. पायरीवर बसले. शेजारच्या खोलीत घरच्यांची, अल-अॅनॉनची मिटिंग असते, तिथली एक ताई पेपर कपात चहा घेऊन आली, "तुमचे कोण?" म्हटलं कामावरचे. तिने मामीसाठी स्वतःचा नंबर लिहून दिला. मी निदान चहाचे तरी म्हणून शंभर रुपये काढले तर ठामपणे नाही म्हणाली, इथे फी नाही, खर्च मेंबरच करतात, बाहेरच्यांकडून घेत नाही.

आतून मधेच टाळ्या, मग शांत, मग कुणाचं तरी रडणं. शेवटी सगळ्यांनी एकत्र म्हटलेली प्रार्थना.

दीड तासाने मामा आले. बराच वेळ बोललेच नाहीत. गाडीला किक मारताना म्हणाले, "कोण बोललं ते सांगणार नाही ताई, तसं ठरलंय. पण एकजण म्हणाला, सही करताना डाव्या हाताने मनगट धरायचो." थोडं थांबून, "मला वाटायचं हे माझं एकट्याचंच आहे."

मग मलाच विचारलं, इथले म्हणतात पहिले ९० दिवस रोज या, सेकंड आणि नाइट शिफ्ट असली तर कसं यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेले. रोटेशन मोडता येत नाही, एकाला दिलं की दहा येतात, असं ते म्हणाले, त्यात तथ्यही आहे. अर्धा तास भांडले. तीन महिने मामांना फक्त फर्स्ट शिफ्ट, असं चार्टवर त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही करायला मामांना बोलावलं. मनगट अजून धरावं लागलं, पण नाव वाचता येत होतं.