कर्नलचं मेन्यूकॉन्फिग, घोडबंदरच्या टाकीसाठी

घोडबंदर रोडवरच्या दोन सोसायट्यांना पंपाचा कंट्रोलर द्यायचा झाला तर मागणी सहसा सारखी नसते. एकीला नळाची आणि टँकरची तळटाकी वेगळी, दुसरीला एकच. एकीला जीएसएमवर मेसेज हवा, दुसरीला नुसता भोंगा पुरतो. बोर्ड एक, सोर्स एक, पण फर्मवेअर सात-आठ प्रकारचं. एका हेडरमधल्या डिफाइनच्या ओळी हाताने कमेंट करत हे चालवलं की कधीतरी भोंग्याशिवायचं फर्मवेअर भलत्याच इमारतीत पोचतं.

लिनक्स कर्नलने हा प्रश्न २००२ मध्ये, २.५.४५ या आवृत्तीत, रोमन झिपेल यांच्या केकॉन्फिगने सोडवला. पर्याय आणि त्यांच्या अटी एका फाइलीत लिहायच्या, मेन्यूकॉन्फिग नावाच्या मेनूतून निवडायचे, आणि डिफाइनचं हेडर टूल बनवतं. बिझीबॉक्स, बिल्डरूट, यू-बूट, झेफिर या एम्बेडेड प्रोजेक्टांनी पुढे तेच उचललं. आपणही उचलावं, फक्त काय उचलतोय ते कळून.

कर्नलच्या सोर्समध्ये हे सगळं स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या केकॉन्फिग फोल्डरात आहे. पण तेवढंच कॉपी केलं तर बिल्ड होत नाही. तिथली मेकफाइल केबिल्डच्या, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या बिल्ड व्यवस्थेच्या, भरवशावर लिहिलेली आहे, ती आपली आपण लिहावी लागते. अलीकडच्या कर्नलमध्ये लिस्ट आणि हॅशटेबलची हेडरं शेजारच्या स्क्रिप्ट्स-इन्क्लूडमध्ये गेलीत, तीही आणावी लागतात. मशीनवर फ्लेक्स आणि बायसन ही पार्सर बनवणारी टूल्स हवीत, मेन्यूकॉन्फिगसाठी एन-कर्सेस या टर्मिनल लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज. कुठल्या आवृत्तीतून घेतलं ते लिहून ठेवा आणि आपले बदल बिल्डरूटसारखे वेगळ्या पॅच फाइलींत ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी नवी प्रत आणताना आपलं काय नि कर्नलचं काय ते कळत नाही. लायसन्स जीपीएल-२ आहे. टूल बिल्ड मशीनवरच चालतं, बोर्डात जात नाही, पण सोर्ससोबत ते दिलंत तर त्याच्या अटी लागू होतात.

इतकी खटपट नको असेल तर पायथनमधलं केकॉन्फिगलिब घ्या. पिपने बसतं, मेन्यूकॉन्फिग आणि हेडर बनवणारं जेनकॉन्फिग दोन्ही मिळतात, लायसन्स आयएससी. छोट्या फर्मवेअरला माझं मत याच बाजूने.

आता खरी डोकेदुखी: सिलेक्ट, म्हणजे एक पर्याय चालू केला की दुसराही जबरदस्तीने चालू करणारी ओळ. समजा, जीएसएम सुरू केला की दुसरा यूआर्ट (सिरियल पोर्ट) आपोआप सुरू व्हावा म्हणून तुम्ही सिलेक्ट लिहिलं. दुसरा यूआर्ट फक्त नव्या बोर्डावर आहे, म्हणून त्याला डिपेंड्स-ऑनने, म्हणजे ‘हे असेल तरच’ या अटीने, नव्या बोर्डाशी बांधलंय. जुना बोर्ड निवडून जीएसएम टिकवला की सिलेक्ट ती अट धुडकावून यूआर्ट चालू करतं. टूल ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ (अट पुरी झालेली नाही) अशी वॉर्निंग देतं, पण बिल्ड थांबत नाही. मग बोर्डावर नसलेल्याच पोर्टाला ड्रायव्हर मेसेज पाठवत बसतो. म्हणून सिलेक्ट फक्त अशा सिम्बॉलवर (केकॉन्फिगमधल्या पर्यायावर) वापरा ज्याला स्वतःची अट नाही आणि मेनूत दिसणारी ओळही नाही. बाकी सगळीकडे डिपेंड्स-ऑन. मेनूत पर्याय दिसत नाही अशी तक्रार येईल, येऊ द्या. आणि डिपेंड्स-ऑनमध्ये नाव चुकलं तर एरर येत नाही, अस्तित्वात नसलेला सिम्बॉल ‘नाही’ धरला जातो आणि पर्याय गायब होतो.

सी कोडमध्येही तोच सापळा. बंद असलेला पर्याय हेडरमध्ये शून्य म्हणून येत नाही, येतच नाही. पर्याय चालू आहे का ते सांगणारा कर्नलचा इज-एनेबल्ड मॅक्रो आणलात तर इफच्या दोन्ही फांद्या कंपायलर तपासतो, हा मोठा फायदा. पण त्यालाही नाव चुकीचं दिलं तर तो मुकाट शून्य देतो. नावं तपासणारी चार ओळींची ग्रेप स्क्रिप्ट सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासणीत, टाका.

गिटमध्ये पूर्ण डॉट-कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या सगळ्या पर्यायांची फाइल, टाकू नका. सेव्हडेफकॉन्फिग या कमांडने बनलेली छोटी फाइल टाका, प्रत्येक मॉडेलची एक. तिच्यात डिफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच असतं, आणि गोम तिथेच आहे: उद्या टाकीच्या पातळीचा डिफॉल्ट ८० चा ९० केलात तर ज्या मॉडेलने ८० वरच समाधान मानलं होतं ती सगळी गुपचूप ९० वर जातात. डिफॉल्ट बदलणाऱ्या कमिटमध्ये सगळ्या मॉडेलांच्या पूर्ण डॉट-कॉन्फिगचा आधीचा-नंतरचा डिफ काढून बघा.

एक पर्याय बदलला की सगळा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल होतो, कारण प्रत्येक फाइल टूलने बनवलेल्या त्या एकाच हेडरवर टेकलेली. कर्नलमध्ये हे फिक्सडेप नावाचा छोटा प्रोग्राम टाळतो. चाळीस फाइलींसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

मेनूतला मजकूर आणि हेल्प मराठीत लिहिता येते, सिम्बॉलची नावं मात्र रोमनच लागतात. कर्नलच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये काना-मात्रांमुळे चौकटी सरकतात, तेव्हा मराठी हेल्पपुरतीच ठेवलेली बरी.