शत्रूची टर्न ३९ सेकंदांची होती

गेली दोन वर्षं नोकरी सांभाळून रात्री टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायचा गेम बनवतोय, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आठ बाय आठचा पट, आपले तीन योद्धे, समोर सहा शत्रू. पहिला डेमो पंधरा-वीस जणांना खेळायला दिला तर जवळपास सगळ्यांचं एकच म्हणणं, लढाई फार लांबते. मी लगेच शत्रूंची हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, निम्मी केली. आता लोक म्हणायला लागले की गेम सोपा झालाय, आणि तरीही कंटाळा येतो!

मग मामेभाऊ सुट्टीत आला होता त्याला खेळायला बसवलं आणि मी मागे गप्प उभा राहिलो. आपली चाल तो अगदी जीव लावून खेळत होता, घरं मोजत, चाल मागे घेत, पण एंड टर्न दाबलं की हात मोबाईलकडे. तिसऱ्या वेळी म्हणाला, "दादा, माझी टर्न आली की सांग हां."

तिथे डोक्यात प्रकाश पडला. रात्री स्टॉपवॉच लावून बसलो. एका शत्रूमागे कॅमेरा जाणं, चालणं, वार, डॅमेजचा आकडा वर तरंगणं, हेल्थबार उतरणं आणि वर अर्ध्या सेकंदाचा पॉज, मिळून साडेसहा सेकंद. सहा शत्रूंचे झाले ३९. म्हणजे लोकांची तक्रार शंभर टक्के खरी होती, फक्त लढाई लांबते याचा अर्थ हेल्थ जास्त आहे असा नव्हता, नुसतं बघत बसावं लागतंय असा होता, आणि मी भलतंच दुरुस्त करत बसलो होतो.

हे मोठ्या गेम्सनाही चुकलेलं नाही. २०१६ ला एक्सकॉम २ हा टर्न-बेस्ड गेम आला तेव्हा प्रत्येक अ‍ॅक्शननंतरचे पॉज काढून टाकणारा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, खेळाडूंनीच बनवला होता, नंतर कंपनीने अ‍ॅनिमेशन पळवायचा झिप मोड अपडेटमध्ये दिला.

मी हेल्थ परत होती तेवढी केली, सगळे शत्रू एकदम चालायला लावले, पुढचा वार आधीचा आकडा विरायच्या आत सुरू. ३९ चे ११ सेकंद झाले. आणि नवीन तक्रार आली, "माझा तिरंदाज मेला कधी ते कळलंच नाही." बरोबरच होतं त्यांचं, नुसता वेग वाढवला तर कोणी कोणाला मारलं हेच दिसेना. म्हणून वार बसतो त्या क्षणी सगळं सहा फ्रेम गोठवलं, सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ०.१ सेकंद, वाचायला काहीच नाही पण डोळा बरोबर तिथे थांबतो. शिवाय इनटू द ब्रीच आणि स्ले द स्पायर या गेम्समध्ये शत्रू पुढे काय करणार ते आधीच दिसतं, तसं प्रत्येक शत्रू कोणत्या घरावर वार करणार ते तांबड्या रंगात दाखवलं, त्यामुळे त्याच्या टर्नला फक्त निकाल बघायचा राहतो, समजून घ्यायचं काम आपल्या टर्नलाच झालेलं असतं. आता टर्न १४ सेकंदांची आहे आणि भाऊ ते तांबडं घर बघून स्क्रीनवर ओरडतो.

राहिलाय तो शेवटचा एकटा शत्रू. जिंकलेलं असतं तरी त्याच्यामागे तीन-चार टर्न पळावं लागतं. एकटा उरला की त्याने शरण यावं असं करून बघितलंय, पण दोघांनी सांगितलं की शेवटचा वार आम्हालाच करायचाय. या आठवड्यात दोन्ही प्रकार खेळायला देतोय, यावेळी फक्त अभिप्राय वाचणार नाही, शेजारी बसून बघणार आहे.