वोक्वाच्या टेकडीखालचे सुरुंगयुद्ध

पहिल्या महायुद्धातील सुरुंगांचा विषय निघाला की बहुधा बेल्जियममधील मेसीनचे नाव घेतले जाते. ७ जून १९१७ च्या पहाटे तिथे ब्रिटिशांनी १९ प्रचंड सुरुंग उडवले आणि त्या लढाईचा निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागला. परंतु जमिनीखालच्या लढाईचे खरे रूप समजून घ्यायचे असेल, तर फ्रान्सच्या आर्गोन भागातील वोक्वाच्या टेकडीकडेच पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे. तिथे १९१५ पासून तीन वर्षे सुरुंग उडत राहिले आणि आघाडीची रेषा मात्र जवळपास होती तिथेच राहिली.

टेकडीची उंची सुमारे २९० मीटर, माथ्यावर एक छोटे गाव. भोवतालचा मुलूख सखल असल्यामुळे या माथ्यावरून दूरवर नजर ठेवता येत असे, आणि म्हणूनच जर्मनांनी सप्टेंबर १९१४ मध्ये ती ताब्यात घेतली. मार्च १९१५ पर्यंत फ्रेंचांनी अतोनात रक्त सांडून गावाचा दक्षिणेकडचा भाग परत मिळवला. त्यानंतर गावाच्या ढिगाऱ्यांतून समोरासमोर खोदलेल्या खंदकांमध्ये जेमतेम काही मीटरांचे अंतर उरले. डोके वर काढणेही अशक्य झाल्यावर दोन्ही सैन्ये भुयारे खणून जमिनीखाली उतरली.

या टेकडीचा दगड म्हणजे गेझ नावाचा वालुकाश्म. तो कुदळीने खणता येतो, पण घावाचा आवाजही त्यातून दूरवर जातो, त्यामुळे खणण्याइतकेच कानोसा घेणे महत्त्वाचे ठरले. फ्रेंचांनी विकसित केलेल्या जिओफोनमध्ये दोन लाकडी चकत्या असत. प्रत्येकीत अभ्रकाच्या पातळ पडद्यांमध्ये पारा कोंडलेला असे आणि तिच्यापासून निघालेली नळी ऐकणाऱ्याच्या एकेका कानात जात असे. दोन्ही कानांत आवाज सारखा येईपर्यंत चकत्या सरकवायच्या आणि मग होकायंत्राच्या मदतीने आवाजाची दिशा ठरवायची, अशी ती पद्धत होती. ऐकणाऱ्याच्या जिवाला खरा घोर लागे तो खोदकामाचा आवाज थांबल्यावर, कारण शत्रूने काम सोडले आहे की स्फोटके भरून सुरुंगाचे तोंड गोण्यांनी बंद केले आहे, हे नेमके सांगणे कठीण असे. मला विचाराल तर या युद्धातले सर्वांत कठीण काम त्या अंधारात बसलेल्या माणसाचे होते. त्याच्या एका अंदाजावर वरच्या खंदकातील कितीतरी जणांचे प्राण अवलंबून असत.

शत्रूचे भुयार जवळ आल्याची खात्री पटली की त्याच्या आधीच एक मर्यादित स्फोट घडवला जाई. त्याला फ्रेंच ‘कामूफ्ले’ म्हणत. जमिनीचा पृष्ठभाग न फोडता शेजारचे भुयार कोसळवायचे, एवढाच त्याचा हेतू असे. त्यातून वाचलेल्यांनाही स्फोटानंतर भुयारांत पसरणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गाठत असे, आणि त्याला ना रंग, ना वास. अशा हल्ल्यांतून वाचण्यासाठी प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्याही खाली जाऊ पाहू लागला. भुयारे खोल खोल गेली आणि सुरुंगांचे आकारही वाढत गेले.

१४ मे १९१६ रोजी जर्मनांनी टेकडीच्या पश्चिम भागात सुमारे ६० टन स्फोटकांचा सुरुंग उडवला. त्यात १०८ फ्रेंच सैनिक मारले गेले. १९१८ च्या वसंतापर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून ५१९ स्फोट झाले: ३२० फ्रेंचांचे, १९९ जर्मनांचे. माथ्यावरचे गाव नामशेष झाले आणि ज्या उंचीसाठी हा सारा अट्टाहास चालला होता, तीच अनेक मीटरांनी कमी झाली. हे सगळे कौशल्य, हे सगळे धैर्य वाया गेले असे म्हणताना मला जड जाते, परंतु हाती आलेल्या जमिनीचा हिशेब मांडला तर दुसरा शब्द सापडत नाही.

२६ सप्टेंबर १९१८ रोजी अमेरिकी सैन्याने म्यूज-आर्गोन मोहिमेच्या पहिल्याच दिवशी ही टेकडी घेतली. हा हल्ला जमिनीवरून झाला. युद्धानंतर वोक्वा गाव टेकडीच्या पायथ्याशी नव्याने वसवण्यात आले.