दहापैकी सहा

घरातल्या स्मार्ट दिव्यांना गुण देण्याची सोय ज्याने कुणी काढली, त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असणार. बटण दाबलं की दिवा लागतोय, माणूस सुखात आहे. मग एखाद्या रिकाम्या दुपारी त्याला हबच्या, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमध्ये ‘नेटवर्क हेल्थ चेक’ सापडतं आणि कळतं, की हॉलमधल्या त्या गुणी दिव्याला दहापैकी सहाच मिळालेत. त्या क्षणापासून दिवा उशिरा लागतोय असं वाटायला लागतं!

पण हे सहा गुण दिव्याचे नसतातच मुळी. जेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीने हबशी बोलणाऱ्या उपकरणांसाठी ‘जेड-वेव्ह जेएस’ नावाचं सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. त्यात हब उपकरणाला एकामागून एक पिंग पाठवतो. ‘आहेस का?’, ‘आहे.’ असा संवाद. एकही पिंग वाया गेला नाही आणि उत्तरं १०० मिलिसेकंदांच्या आत आली, तरी गुण सहा किंवा सातवर अडकू शकतात. या दोहोंत फरक कशाचा? शेजाऱ्यांचा, म्हणजे निरोप पुढे पोचवू शकणाऱ्या आसपासच्या उपकरणांचा. दोनपेक्षा जास्त शेजारी असतील तर सात, नाहीतर सहा. म्हणजे दिव्याचं काम चोख आहे, वस्ती तेवढी विरळ आहे. उद्या एक वाट बंद पडली तर निरोप दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा, एवढीच काय ती शंका. अशा वेळी दिव्याला हातही लावायचा नाही. हब आणि दिव्याच्या मधे कुठेतरी सतत विजेवर चालणारा एक स्मार्ट प्लग लावायचा. बॅटरीवरचा सेन्सर लावून उपयोग नाही, तो बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि कुणाचे निरोप पोचवत बसत नाही.

या झोपाळू मंडळींच्या गुणांवर तर मुळीच जाऊ नये. झोपलेल्याला हाक मारली तर ओ येणार कशी? त्याचं बटण दाबून आधी जागं करायचं, मग तपासायचं. शिवाय तपासणीच्या अनेक फेऱ्या होतात आणि शेवटी हाती येतो तो सगळ्यांत वाईट फेरीचा गुण. नेमकं तेव्हाच कुणी लोखंडी कपाटाचं दार उघडून मधे उभं राहिलं असेल, तर तेही दिव्याच्याच खात्यावर जातं.

झिगबी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीची तऱ्हा वेगळी. तिथे ‘एलक्यूआय’, म्हणजे जोडणीच्या दर्जाचा आकडा, ० ते २५५ मध्ये असतो आणि तो कसा काढायचा हे ज्याची त्याची चिप ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा १२० आणि दुसरीचा २०० शेजारी ठेवून भांडत बसण्यात अर्थ नाही. आरएसएसआय, म्हणजे सिग्नलची ताकद, तर उणे आकड्यांत येतो. उणे ६० चांगला, उणे ८५ रडका. उणे चिन्ह विसरून मोठा आकडा बघून खूश झालेले लोक मी पाहिलेत. आणि आकडे सगळ्याच उपकरणांचे पडलेले दिसले, तर आधी हबचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचलेली रेडिओची कांडी, बघावा. झिगबी चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि यूएसबी ३ चा पोर्ट नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मांडून ठेवलंय. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल पोर्टपासून दूर नेला, की पुष्कळदा काम भागतं. इतका स्वस्त उपाय लोकांना खरा वाटत नाही, हा भाग निराळा.

मी स्वतः एकच रकाना आधी बघतो: वाया गेलेले पिंग. तिथे शून्य असेल तर बाकीची चर्चा चहाबरोबर करायची. सिंकखाली पाणीगळती सांगणारा सेन्सर आहे, त्याला जागा करून तपासलं तरी चारच मिळतात, कारण उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. हेच चार जिन्यातल्या दिव्याला असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, अंधारात पायरीवर पाय टाकून कोण थांबणार? पण सिंकखालच्याला माझ्याकडून माफी आहे. अर्ध्या सेकंदात पाणी असं जाऊन जाऊन कुठे जाणार आहे?