रामही साळुंके, सीताही साळुंके

नाशिकला घर असलं की माणसाला जन्मभर गाईडचं काम लागतं. पाहुणे म्हणतात, तुम्हालाच भेटायला आलोय. पण पिशवी खाली ठेवायच्या आत 'इथून पंचवटी किती लांब?' हे येतंच. मग मिसळ, रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, वेळ उरला तर त्र्यंबक आणि जाताना द्राक्षांची पेटी. मी हे सगळं इमानेइतबारे करते. पण रामानं कुठं काय केलं हे पाहुण्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, त्यामुळे वाटेत मी त्यांना भलत्याच गोष्टी सांगत बसते. आमचे भाऊजी याला 'वहिनींचं आडवळणाचं नाशिकदर्शन' म्हणतात. आत्याबाईंना तिसरी गोष्ट सुरू झाली की हमखास चहा हवा असतो.

पहिली गोष्ट जॅक्सनची. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. नाशिकच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. जॅक्सन इथला कलेक्टर, संस्कृतचा अभ्यासक. बदली झाली म्हणून त्याच्या निरोपाचा नाटकाचा प्रयोग लावलेला. "नाटक कुठलं?" असं मी विचारते आणि गाडीत सगळे एकमेकांकडे बघतात. नाटक होतं किर्लोस्कर मंडळींचं 'शारदा'. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट, आणि ती पोरगी रंगवणार बाप्या. मंडळीतली स्त्रीपार्टं पुरुषच करायचे. बालगंधर्व १९०५ पासून त्यांच्यातच होते. म्हणजे गोळ्या सुटल्या त्या दिवशी थिएटरभर माणसं जमली होती ती नऊवारी नेसलेल्या एका पुरुषाचं दुःख बघून डोळे टिपायला, आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. उलट बालगंधर्वांचं लुगडं कसं, अंबाडा कसा, ते बघून घरोघरच्या बायका तसं नेसायला-माळायला लागल्या. बाईनं कसं दिसावं हे महाराष्ट्रातल्या बायका काही वर्षं एका पुरुषाकडून शिकत होत्या. कान्हेऱ्यांच्या पिस्तुलापुढे ही गोष्ट कुणाच्या ध्यानात राहणार नाही, हे मात्र मला मान्य आहे.

पण माझं लाडकं प्रकरण फाळक्यांचं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पोरं बागेत हुंदडतात तोवर मोठ्यांना बाकावर बसवून मी ते सांगून घेते. दादासाहेब त्र्यंबकचे, जन्म १८७० चा. १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती मिळेना. घरंदाज बायका सोडाच, कोठीवरच्या बायकाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहायला तयार नव्हत्या. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरला. अंगानं शिडशिडीत, हात नाजूक. पगार दहाचे पंधरा रुपये करून फाळक्यांनी त्याला उचललं आणि हिंदुस्थानी सिनेमाची पहिली नायिका तयार झाली.

आता भानगड मिश्यांची. स्त्रीपार्टं करणाऱ्यांनी मिश्या काढाव्यात असं फाळके सांगायचे, तर मंडळी अडून बसायची; कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. साडी नेसायला हरकत नव्हती, बांगड्यांना नव्हती, मुरडत चालायलाही नव्हती. हरकत काय ती मिशीला! पुरुषपण नेमकं कुठं राहतं याचं इतकं सोपं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. या कथेची जी रिळं आज शिल्लक आहेत त्यांत एक जलविहाराचा प्रसंग आहे. तारामती सख्यांसह पाण्यात खेळतेय, ओल्या साड्या अंगाला चिकटल्यात, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या सख्या बाप्ये आहेत.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथे 'मोहिनी भस्मासुर' काढला. या वेळी बाया मिळाल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची लेक कमला (पुढच्या कमलाबाई गोखले) मोहिनी झाली. इथे मी जरा थांबते, कारण लोकांना ही गोम लगेच कळत नाही. मोहिनी म्हणजे कोण? विष्णू. भस्मासुराला भुलवायला त्यानं घेतलेलं बाईचं रूप. म्हणजे आपल्या पडद्यावरच्या पहिल्या राणीचं काम केलं एका पुरुषानं, आणि पहिल्या नायिकेच्या वाट्याला आलं ते बाई झालेल्या पुरुषाचं काम!

बरं, बायका आल्या म्हणून साळुंके घरी बसला असंही नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तो राम होता आणि सीताही तोच. सीतेला रावणानं पळवलं ते पंचवटीतून, असं ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तिथे बिऱ्हाड असलेल्या माणसाच्या सिनेमात राम आणि सीता एकाच अंगात नांदत होते. कथेत निम्मा वेळ दोघांचा विरहच असतो, ते फाळक्यांच्या पथ्यावर पडलं. लोक हात जोडून बघत होते. साळुंकेला यावरून आजची कुठलीही पाटी चिकटवायला मी धजणार नाही. त्यानं पगाराला काम केलं आणि पुढे तो कॅमेरा चालवायला शिकला. मला नवल वाटतं ते बघणाऱ्यांचं.

मोहिनीचा विषय निघालाच आहे तर होळकर पुलाच्या तोंडाशी असलेलं सुंदरनारायणाचं देऊळ आलंच. १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं. कथा अशी की विष्णूनं जालंधराचं रूप घेऊन त्याच्या बायकोला, वृंदेला फसवलं. तिनं शाप दिला, देव काळाठिक्कर पडला आणि गोदावरीत बुडी मारल्यावर पुन्हा सुंदर झाला. याच चंद्रचूडांनी नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ बांधलं. तिथे विष्णूचं मोहिनीरूपच देव म्हणून पुजतात, कितीतरी घरांचं ते कुलदैवत आहे आणि मुलग्यांचं नाव मोहिनीराज ठेवतात. आता हिशेब बघा. देवानं परक्या बाईच्या नवऱ्याचं सोंग घेतलं तर शाप मिळाला, आणि बाईचं सोंग घेतलं तर कुळाचार सुरू झाला. गोदाघाटावर कथा-कीर्तनांना तोटा नाही. पण महाभारताच्या अनुशासनपर्वातला भंगाश्वन राजा मी तिथे कधी ऐकला नाही. इंद्राच्या रागापायी तो बाई होतो, आणि पुढे इंद्र प्रसन्न होऊन 'पुन्हा पुरुष करू का?' विचारतो तेव्हा 'नको, असंच बरं' म्हणतो. आणि ही गोष्ट शरपंजरी पडलेले भीष्म धर्मराजाला सांगतात! बुवा मंडळी नेमकं तेवढंच पान ओलांडतात.

स्मारकापर्यंत आलोच आहोत म्हणून कुणी लेण्यांवर चढायला तयार झालं तर तिसऱ्या लेण्यातला बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्राच्या आईचा शिलालेख. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी; राजे आईच्या नावानं ओळखले जात. गादी बापाकडूनच मुलाकडे जायची, तेव्हा फार हुरळून जायला नको. तरी १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव घालायचं सरकारनं ठरवलं तेव्हा मला बलश्रीबाईंची आठवण झाली.

एकदा नाशिकच्याच द्वारका चौकातल्या सिग्नलला एक तृतीयपंथी काचेशी आली, भाऊजींनी घाईघाईनं काच वर घेतली आणि म्हणाले, "हल्ली हे फार वाढलंय." हल्ली! त्या दिवशी माझं नाशिकदर्शन गावाबाहेर गेलं, वणीच्या गडापर्यंत.

सप्तशृंगीच्या गडावर चैत्रात आणि नवरात्रात खानदेश लोटतो हे सगळ्यांना माहीत असतं. कोजागिरीचं फारसं कुणी सांगत नाही. त्या पौर्णिमेला गडावर एकीकडे नद्यांचं पाणी घेऊन कावडीवाले येतात आणि दुसरीकडे ठिकठिकाणांहून तृतीयपंथी. संबळ वाजत असतो, छबिना निघतो, कपाळं मळवटानं भरलेली, 'बोल अंबे मात की जय'चा गजर. मी गेले होते तेव्हा पायऱ्यांच्या अलीकडे कासाराच्या दुकानापाशी खोळंबले होते. माझ्या पुढे एक साठीची तृतीयपंथी बांगड्या भरून घेत होती. पंजा मोठा, हाडापेरानं रुंद. हिरवी काच काही केल्या चढेना. कासारीण तिची बोटं एकेक करून दाबत, अंगठा आत मुडपत म्हणत होती, "मावशे, हात ढिला सोड, नाहीतर टिचंल." मावशी म्हणाली, "सोडलाय गं बाई, हाडंच देवानं बाप्याची दिली." दोघीही खळखळून हसल्या आणि बांगडी गेली. मागून एक जळगावकडची तरुणी आली, तिनं तान्हं पोर मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, तरुणीनं दिलेली नोट घेऊन एक नाणं तिला परत दिलं. ते तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं, बरकतीसाठी. हीच तरुणी मावशीला खोली भाड्यानं देईल का, हा प्रश्न मनात आला. पण गडावर असले प्रश्न विचारत नाहीत.

आणि गडाचंच कशाला, पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बोहाडा बघावा. टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं आणि शेवटाला जगदंबा महिषासुराला मारते. सगळी सोंगं पुरुष घेतात. मुखवटा जड असतो, म्हणून आधी डोक्याला फडकं गुंडाळायचं, मग हनुवटीखाली गाठ आवळायची, लुगडं चापूनचोपून बसवायचं. घटकाभरापूर्वी तंबाखू मळणारा हा गडी, पण मुखवटा चढला की गावच्या बायका त्याच्या पायाशी नारळ ठेवतात आणि पोरांना त्याच्यापुढे आडवं घालतात.

भाऊजी हे सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, ते देवाचं झालं. सरकारदरबारी कुठं होतं असलं काही?" हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर दप्तरात आहे. मराठेशाहीत पुणे-इंदापूर भागातल्या तृतीयपंथीयांना सनदा होत्या. ठरलेल्या गावांतून घरटी धान्य नाहीतर पैसा मागण्याचा हक्क, काहींना इनाम जमीन. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखंच वतन, फक्त बापाकडून मुलाकडे न जाता ते गुरूकडून चेल्याकडे जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारनं इनामांची छाननी काढली आणि असल्या लोकांना सरकारनं उत्पन्न मिळवून देणं शोभत नाही असं ठरवून हे हक्क बुडवले. मागणं राहिलं, त्यामागचा कागद गेला. १८६० च्या दंडविधानात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम आलं ते त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथी ही ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये ३७७ ची धार काढली, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर 'आता हे नवीन काय' म्हणून दोन दिवस धुमाकूळ चालला होता. मी तिथे वतनाची माहिती टाकली. त्यावर कुणीतरी सुप्रभातचा गुलाब पाठवला.

पाहुण्यांत वकील असला की मी त्याला एक प्रश्न हमखास टाकते. सनद एका सरकारनं दिली, बुडवली दुसऱ्यानं. तर मधल्या पावणेदोनशे वर्षांची थकबाकी मागायची कुणाकडे? गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्यानं मिसळीचा कट वाढून घेता घेता निकाल दिला, "काकू, मुदत संपली. फार तर वारसनोंदीपासून सुरुवात करावी लागेल. आधी गुरूचा दाखला आणा."