.३२ रिव्हॉल्व्हर: दोन नंबर आणि पाच नंबर

हातबदल झालेलं .३२ रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. रीतसर लायसन्सवर नोंद करून घेतलेलं. वरळीच्या रेंजवर अठरा गोळ्यांत चार वेळा घोडा पडला आणि नुसता ‘टक्’ आवाज आला. बघणाऱ्या प्रत्येकाचं एकच निदान: घोड्याची स्प्रिंग गेली. स्प्रिंगवर संशय घेणं सोपं असतं, म्हणून तो आधी घेऊ नये.

मी सिलिंडरवर, प्रत्येक चेंबरपाशी (काडतूस बसतं ते भोक), मार्करने १ ते ६ आकडे घातले. ‘टक्’ झालं की नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं (काडतूस उशिराही पेटू शकतं), मग उघडून नंबर लिहायचा. चारही मिस दोन आणि पाच याच चेंबरमध्ये निघाले. स्प्रिंग मऊ पडली असती तर मिस कुठेही झाले असते, आणि जास्त करून नुसता चाप ओढून मारताना. कारण तेव्हा घोडा हाताने चढवल्यापेक्षा थोड्या कमी अंतरावरून पडतो. काडतुसंही संशयातून सुटली: मिस झालेलं दुसऱ्या चेंबरमध्ये घातलं की उडत होतं.

दोन नंबरमधलं काडतूस मात्र जागेवरच, दुसऱ्या ठोक्याला उडायचं. म्हणजे पहिला ठोका काडतूस आत सारण्यात खर्च होत होता. उडालेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी एकेक करून घालून पाहिली, तर दोनमध्ये कड केसभर वर राहते. आत टॉर्च मारली तेव्हा काजळी आणि शिशाचं घट्ट कडं दिसलं. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं ठेवलं, पितळी ब्रश फिरवला, चिंधीने कोरडं केलं. एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखालीही (सिलिंडरच्या मागचा, रिकामी नळकांडी बाहेर ढकलणारा भाग) दारूचे न जळलेले कण असतात. तेही काढावेत, नाहीतर चांदणी पूर्ण बसत नाही. तेल शिल्लक ठेवू नये, ते कॅपमध्ये (काडतुसाच्या बुडाची, ठोक्याने पेटणारी टिकली) झिरपतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात चामडी होल्स्टरमध्ये हत्यार ठेवायचं नाही, चामडं ओल धरून बसतं.

दोन नंबर बरा झाला. पाच नाही. तिथल्या कॅपवर पिनचा खड्डा मधोमध नव्हता, एका कडेला होता.

हत्यार रिकामं आहे हे दोनदा पाहून सहाही चेंबरमध्ये डमी (दारू नसलेली खोटी काडतुसं) घातल्या. सिलिंडरवर बोट हलकेच टेकवून, म्हणजे थोडा अडथळा ठेवून, घोडा अंगठ्याने सावकाश मागे घेतला. घोडा चढायच्या आत सिलिंडर ‘खट्’ करून लॉक व्हायला हवा. पाच ठिकाणी झाला. पाच नंबरवर घोडा चढला तरी सिलिंडर किंचित मागेच. चाप झटक्यात ओढला तर मात्र तो आपल्याच वेगाने पुढे जाऊन लॉक होतो, दोष लपतो. जुनं हत्यार दाखवताना विकणारा चाप भराभर का ओढतो, ते इथे कळतं!

नळी आणि सिलिंडरमधली फट नागदेवीच्या अवजारबाजारातून आणलेल्या फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) मोजली: सिलिंडर मागे दाबून ०.२० मिमी, पुढे ढकलून ०.१५. म्हणजे पुढेमागे प्ले (ढिलाई) ०.०५, चालण्यासारखा. सहाही चेंबर मागे राहिले असते तर सिलिंडर फिरवणारा पंजा झिजला म्हणता आलं असतं. एकच राहतो, म्हणजे चांदणीचा, पंजा ज्याला ढकलतो तो, तेवढाच दात झिजलाय.

हा दोष मिसपुरता नाही. चेंबर नळीच्या रेषेत नसेल तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते, शिसं बाजूला उडतं, शेजारी उभ्याला लागतं. त्यामुळे गोळीबार तिथेच बंद केला. दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या डीलरकडेच द्यायचं; लेथवाल्याकडे नेणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे. कारागिराला फक्त ‘मिस होतं’ सांगू नये, पाच नंबर दाखवावा. नाहीतर तो लांब पंजा बसवून मोकळा होतो: पाच नंबर जुळतो, आणि बाकीचे पाच आवळून चालायला लागतात.