रिकाम्या वॉलेटचा गॅस

जेवणाचे डबे उघडत होतो तेवढ्यात क्लायंटचा फोन. "टोकन इकडून गेले, तिकडं पोचलेच नाहीत ओ!"

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात बनवलेला, लेअरझिरोवर (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर मेसेज नेणाऱ्या यंत्रणेवर) चालणारा काँट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम. आर्बिट्रम या चेनवर टोकन बर्न, म्हणजे नष्ट होतात, मेसेज बेस या दुसऱ्या चेनवर पोचला की तिथं नवे मिंट, म्हणजे तयार होतात. मेसेज मध्येच अडकला, तर माणसाचे टोकन दोन्हीकडं नसतात. माझ्या पोटात गोळा आला.

मेसेजची पडताळणी झाली होती, पण बेसवर तो चालवताना गॅस संपला होता. गॅस म्हणजे चेनवर होणाऱ्या कामाचं माप, त्याचे पैसे मोजावे लागतात. तो गॅस मीच ठरवलेला, आमच्याच कमांड-लाइन टूलमधून. टूल विचारतं: समोरची चेन कुठली (बेसचा आयडी ३०१८४), मेसेजचा प्रकार कोणता, गॅस किती. मग एक लांबलचक हेक्स, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीतला कोड, बाहेर टाकतं. सुरुवातीचं ०००३ म्हणजे ऑप्शनचा तिसरा प्रकार, ०१ म्हणजे एक्झिक्युटर (समोरच्या चेनवर मेसेज चालवणारा), ००११ म्हणजे पुढं सतरा बाइट. मग आणखी एक ०१, शून्यांची रांग आणि शेवटी सी३५०, म्हणजे ५०,०००. हे कुणी वाचत नाही, उचलून चिकटवतात. टूलनंच साध्या आकड्यात दाखवायला हवं, हे मी दोनदा सांगितलं होतं. "टेस्टनेटवर चाललं ना? मग झालं," हे सिनियरचं उत्तर. टेस्टनेट म्हणजे खोट्या पैशांची, चाचणीपुरती चेन.

चाललं होतंच. आताही जुन्या लोकांचे व्यवहार सुरळीत होत होते, अडकत होते ते नव्यांचेच. दोन तास ट्रेस, म्हणजे व्यवहाराच्या एकेका पायरीची नोंद, बघत बसले तेव्हा लक्षात आलं. वॉलेटमधली टोकनची शिल्लक शून्य असेल, तर तिथं पहिल्यांदा आकडा लिहायला २२,१०० गॅस लागतो. आधीच शिल्लक असेल तर ५,०००. फरक १७,१००. आमच्या टेस्ट वॉलेटमध्ये कायम टोकन पडलेले. रिकामं वॉलेट आम्ही कधी वापरलंच नाही.

आर्बिट्रमच्या बाजूला गॅस ८०,००० केला. पडताळणी झालेला मेसेज पुन्हा कुणीही चालवू शकतो, ही लेअरझिरोची सोय मला फार मोलाची वाटते. अडकलेले अकरा मेसेज जास्त गॅस देऊन एकेक करून चालवले, खर्च आमचा.

अकरावा तीन दिवसांपूर्वीचा निघाला, अगदी थोड्या टोकनांचा. त्या माणसानं तक्रारच केली नव्हती. गेले म्हणून सोडून दिले असतील का त्यानं? त्याच्या वॉलेटवर शिल्लक दिसली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, डबा तसाच होता.